फक्त एक सोप्पी राईड

ठाण्यात सायकल चालवायची तर एक गोष्ट आधी मान्य करायला लागते. इथे जिथे रस्ता सपाट आहे तिथे झाड नाही, आणि जिथे झाड आहे तिथे चढ आहे. ही तक्रार नाहीये, भूगोल आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर आणि मधल्या पट्टीत आपण सगळे कोंबलेलो, आपले टॉवर, आपले फ्लायओव्हर, आपलं ते घोडबंदर रोडचं मेट्रोचं काम. तलावांचं शहर वगैरे ठीक आहे, पण संध्याकाळी तलावपाळीला सायकल घेऊन जाऊन दाखवा, भेळवाले, फुगेवाले, सेल्फीवाले आणि मधूनच "अहो बाजूला व्हा" म्हणत वॉक करणाऱ्या आज्या, यातून सायकल हातात धरूनच न्यायला लागते.

तरी थंडी पडली (ठाण्यातली थंडी म्हणजे पंखा पाचवरून तीनवर) की बाल्कनीतल्या सायकलीकडे लक्ष जातंच. माझी हायब्रिड २०२० च्या लॉकडाऊननंतर घेतलेली, तेव्हा सगळ्या देशानेच सायकली घेतल्या होत्या, दुकानात वेटिंग होतं. सध्या हँडलवर टॉवेल, सीटवर पायपुसणं आणि कॅरियर नसल्यामुळे नळीवर मोजे वाळत असतात. बायकोच्या मते ती घरातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे आणि ती रस्त्यावर नेऊन खराब करू नये.

मी बिल्डिंगच्या ग्रुपवर साधा मेसेज टाकला: रविवारी सकाळी झाडांमधून एक सोप्पी राईड करूया का, निवांत, गप्पा मारत. बस, एवढंच.

पहिला रिप्लाय चौथ्या मजल्यावरच्या आयटीवाल्याचा. याची सायकल कार्बनची आहे आणि ती घरात बेडरूममध्ये असते, बाल्कनीत नाही. याचं सगळं आयुष्य स्ट्राव्हा नावाच्या अ‍ॅपवर नोंदलेलं आहे, भाजी आणायला गेला तरी त्याचा नकाशा निघतो. तो म्हणाला, "चालेल, साठ करू, रिकव्हरी राईड." साठ म्हणजे किलोमीटर, आणि रिकव्हरी म्हणजे दमलेले पाय मोकळे करायची हलकी राईड. सी विंगचे काका म्हणाले, उपवन तलावाला चार चकरा आणि कटिंग. सलूनवाला मित्र म्हणाला रविवारी मरायला वेळ नसतो, सोमवारी ठेवा. बी विंगच्या मॅडमनी विचारलं, जिथे जाणार तिथे वॉशरूम आहे का? या शेवटच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही, कारण तोपर्यंत बाकीचे पुरुष गिअर रेशोवर बोलायला लागले होते. पुढचे कित्येक दिवस मॅडम तोच मेसेज पुन्हा पुन्हा टॅग करून वर आणत राहिल्या, आणि मला आता वाटतं की त्या अख्ख्या चर्चेतला तेवढा एकच मेसेज कामाचा होता.

आयटीवाल्याचं मत अर्थातच येऊर. दाराशी आहे, जंगल आहे, संजय गांधी नॅशनल पार्कचाच भाग आहे, उपवन सोडलं की वनखात्याचं गेट आणि तिथून वर रस्ता. "चढ काही विशेष नाही, पाच-सहा टक्के असेल." आता शाळेत टक्के म्हटलं की पाच-सहा म्हणजे नापास, त्यामुळे सगळ्यांना ते किरकोळ वाटलं. मी नीट हिशोब केला. सहा टक्के चढ म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की सहा मीटर वर, म्हणजे दोन मजले. एक किलोमीटर गेलात तर साठ मीटर, म्हणजे वीस मजल्यांचा टॉवर, आणि तो सायकलसकट चढायचा. हे मी ग्रुपवर लिहिल्यावर एकदम शांतता पसरली. आमच्या बिल्डिंगला सात मजले आहेत आणि लिफ्ट बंद पडली की लोक सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालतात.

मग मी म्हटलं, नॅशनल पार्कच हवा असेल तर बोरिवलीच्या बाजूने जाऊ. मेन गेटमधून आत शिरलं की कान्हेरीकडे जाणारा डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी, आत भाड्याच्या सायकलीही मिळतात, आणि टोकाला बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली शंभराच्या वर लेणी. याच्याइतकं निसर्गरम्य काय पाहिजे अजून? पण अडचण अशी की हे १०४ चौरस किलोमीटरचं उद्यान आपल्या आणि बोरिवलीच्या बरोब्बर मध्ये बसलंय. येऊरच्या जंगलात उभं राहिलं की त्याच जंगलाच्या पलीकडे बोरिवली, पण आरपार रस्ता नाही (आणि नसलेलाच बरा, असता तर आत्तापर्यंत त्यावर टोलनाका आणि दोन ढाबे झाले असते), म्हणून सगळा वळसा घोडबंदरवरून, गायमुखचा घाट ओलांडून, दहिसरच्या दिशेने. वीस-पंचवीस किलोमीटर, आणि शेजारून जेएनपीटीहून गुजरातकडे निघालेले कंटेनर. त्या रस्त्याने सायकलवर जायचं तर आधी इन्शुरन्सचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते बायकोला सांगून निघायला पाहिजे.

काका म्हणाले, ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम चाललंय ना, तो झाला की जाऊ, घाई काय आहे. ११.८ किलोमीटरचा प्रकल्प आहे तो आणि त्यातले १०.२५ किलोमीटर जुळे बोगदे, उद्यानाच्या पोटातून. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या राईड नॅशनल पार्कमधूनच झाली असती, फक्त एक झाड दिसलं नसतं. त्यात सायकलला सोडतील अशी आशा आमच्यापैकी एकट्या काकांनाच आहे.

सलूनवाल्याचा सोमवार तर तिथेच निकाली निघाला, सोमवारी पार्क बंद असतो. त्याने रागावून ग्रुप म्यूट केला.

एव्हाना ही बातमी माझ्या मेहुण्यापर्यंत पोचली होती. मेहुणा ऐरोलीला राहतो आणि नवी मुंबईकरांना जी एक सवय असते ती त्यालाही आहे, ठाण्याचं काहीही ऐकलं की आधी कीव करायची. "भावोजी, तुम्ही लोक उगाच त्रास करून घेता, आमच्याकडे या. पाम बीच रोड. वाशी ते बेलापूर, सरळ, सपाट, खाडीचा वारा, फ्लेमिंगो." फ्लेमिंगोंचं खरंय. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेलं, आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत नेरूळच्या पाणथळींवर तो गुलाबी थवा दिसतो तेव्हा माणूस खरंच गप्प बसतो. पण मेहुणा दोन गोष्टी सांगत नव्हता. एक, तो खाडीचा वारा जाताना समोरून असला की सपाट रस्त्यालाही चढ फुटतो. दोन, पाम बीचवर सकाळी सहाला ज्या गाड्या सुटतात त्यांचा वेग बघून फ्लेमिंगो सुद्धा वरून उडतात. शिवाय आम्ही तिथे पोचणार कसे, तर कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोड, म्हणजे पुन्हा एमआयडीसीचे ट्रक. निसर्गरम्य भाग सुरू व्हायच्या आधीच आमचा निसर्ग संपणार.

"मग खारघरला सेंट्रल पार्क बघा की," मेहुणा. खारघर ठाण्यापासून एवढं लांब आहे की तिथे सायकलवर पोचलो तर राईड झालीच, पार्कात जायची गरज काय?

रूट ठरत नव्हता म्हणून आम्ही म्हटलं निदान तयारी तरी करून ठेवू. हवा भरू. हे वाक्य मी किती सहज लिहिलं बघा. सायकलीत हवा भरणे हा प्रकार मला वाटायचं शाळेत संपला. आम्ही तीन सायकली घेऊन नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो, माझी हायब्रिड, मेहुण्याची नुकतीच सेकंडहँड घेतलेली रोड बाईक (तो एक दिवस राहायला आला होता, सायकलसकट) आणि काकांची काळी अ‍ॅटलस. माझ्या सायकलला मोटारसायकलसारखा जाडा वॉल, तिथे दोन मिनिटांत काम झालं. काकांच्या अ‍ॅटलसला जुन्या पद्धतीचा वॉल, आत ती पिवळट रबराची नळी चढवलेली असते ना तो, ती नळी कुजली होती. पंक्चरवाल्याने खालचा डबा उपसला, नट, स्पोक, मेलेल्या बेअरिंगच्या गोळ्या, एक चष्म्याची काडी, आणि तळाशी नळीचा एक तुकडा सापडला, तो त्याने तोंडात धरून ओला केला आणि वॉलवर चढवला. काका खूश. म्हणाले बघ, याला म्हणतात मेकॅनिक. मग त्यांनी तिथेच सांगितलं की अ‍ॅटलसची साहिबाबादची फॅक्टरी ३ जून २०२० ला बंद पडली, नेमकी जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, आणि हे सांगताना एखादा जवळचा माणूस गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला.

पण मेहुण्याची सायकल पुढे आल्यावर पंक्चरवाल्याने हात मागे घेतले. त्या सायकलला तो बारीक, लांबुडका वॉल असतो, प्रेस्टा म्हणतात, टोकावर इवलासा नट, तो आधी सैल करायचा, मग टोक एकदा दाबून फुस्स करायचं, मग पंप लावायचा. हे कळेपर्यंत जी काही हवा होती तीसुद्धा गेली. "ये किधर का वॉल है साहब, अपना नोजल इसमें नहीं बैठता." त्याला अ‍ॅडॉप्टर लागतो, पितळेचा, करंगळीच्या नखाएवढा. तो आम्हाला एका मोठ्या सायकल शोरूममध्ये मिळाला, तिथल्या मुलाने त्याच्याबरोबर जेल सीट, टेल लाईट आणि इलेक्ट्रोलाईटच्या गोळ्या सुद्धा कशा घ्यायलाच पाहिजेत हे पटवलं. मेहुणा पटला. परत नाक्यावर आलो. टायरच्या बाजूला किती पीएसआय लिहिलंय ते वाचून मेहुणा म्हणाला, "नव्वद मारो." पंक्चरवाल्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. कारमध्ये बत्तीस-तेहेतीस भरतात. बोटभर जाडीच्या टायरमध्ये नव्वद? त्याने कॉम्प्रेसरचा पाईप मेहुण्याच्या हातात दिला आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. काहीही फुटलं नाही. रोड बाईकच्या बारीक टायरला एवढी हवा लागतेच, पण काका मात्र त्यानंतर त्या सायकलपासून दोन हात लांबूनच चालत होते.

कपड्यांबद्दल फार बोलत नाही. सायकलिंगची पॅडवाली चड्डी असते, तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं, हे आयटीवाल्याने ज्या ग्रुपवर सांगितलं तो बिल्डिंगचा ग्रुप होता आणि त्यात सगळ्यांच्या आया होत्या.

मग वेळ. काका पाचला तयार, ते तसेही चारला उठून दूधवाल्याची वाट बघत असतात. मॅडम म्हणाल्या येऊर असो नाहीतर बोरिवली, तिथे बिबटे आहेत, आणि बिबट्या पहाटेच्या अंधारात आणि संध्याकाळीच जास्त हिंडतो, त्याच्या ऑफिस अवर्समध्ये आपण कशाला जायचं? मुद्दा बरोबर होता. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे निघायचं सव्वासातला. पण सव्वासातला रविवारी येऊरला अख्खं ठाणे येतं, वॉकवाले, कुत्रेवाले, ब्लूटूथ स्पीकर गळ्यात अडकवून पळणारे, माकडांना वेफर्स घालणारे (का घालता? माकडं मग पिशव्या ओढतात आणि तुम्हीच बोंबलता), आणि रात्रीच्या पार्टीवरून आत्ता खाली येणाऱ्या एसयूव्ही. मला विचाराल तर यातला बिबट्याच सगळ्यात शिस्तीचा. तो निदान माणूस दिसला की वाट सोडतो.

नाश्त्यावर मात्र दोन तट पडले नाहीत, मिसळ. वाद फक्त आधी की नंतर. आयटीवाला म्हणाला आधी केळं आणि खजूर, मिसळ नंतर. काका म्हणाले नंतर गर्दी होते, मामलेदारला रविवारी नऊनंतर उभं राहायला लागतं. यावर मेहुणा म्हणाला नवी मुंबईत पण चांगली मिसळ मिळते, आणि त्याला चर्चेतून तात्पुरतं वगळण्यात आलं.

असा डिसेंबर निम्मा गेला. पोल झाले, पोलवर पोल झाले, कोणीतरी चुकून "राईडला यायचंय का" या पोलमध्ये "देखभाल शुल्क वाढवावे" हा पर्याय टाकला आणि त्याला सगळ्यात जास्त विरोध झाला. आयटीवाल्याने एक्सेल बनवली, रूट, अंतर, चढ, ट्रक, सावली, वॉशरूम (शेवटी!), आणि प्रत्येक रूटला मार्क दिले. सगळे रूट एकाच मार्काने नापास. झाडं असली तर चढ, चढ नसला तर ट्रक, ट्रक नसले तर खारघर.

सोडवलं काकूंनी. त्या इतके दिवस ग्रुपवर फक्त फुलांचे गुड मॉर्निंग टाकत होत्या. एका संध्याकाळी मी काकांकडे पंप परत द्यायला गेलो तर त्या मेथी निवडत बसलेल्या, मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला चढायचं नाहीये ना कोणाला? मग वरून खाली या. वणीला नाही का आपण ट्रॉलीने वर जातो आणि पायऱ्यांनी खाली येतो? सायकली टेंपोत टाका, येऊरला वर न्या आणि तिथून या घरंगळत. आणि येताना जांभळी नाक्यावरून कोथिंबीर आणा, ह्यांच्या सायकलला कॅरियर आहे."

आयटीवाल्याने हे ऐकून पंधरा मिनिटं काही टाईप केलं नाही. त्याच्या दृष्टीने हा अधर्म होता. पण एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर झाडं शंभर टक्के, चढ शून्य, ट्रक एक आणि तोही आपलाच. मॅडमनी फक्त अट घातली की आधी सगळ्यांचे ब्रेक तपासायचे, आणि ते बरोबरच होतं, उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते, त्यामुळे थोडं दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं, आणि नुसता पुढचा कचकन मारायचा नाही. काकांच्या अ‍ॅटलसला सळीचे ब्रेक आहेत, त्यांचे रबर बदलले. वॉशरूमचं म्हणाल तर मॅडमनी स्वतःच फोनाफोनी करून येऊरमधल्या एका ओळखीच्या बंगल्याची सोय लावली. कोणाला विचारलंच नाही, आम्ही काय सांगणार होतो.

छोटा हत्ती ठरवला. ड्रायव्हरने सायकली चढवताना विचारलं, बिघडल्यात का? नाही म्हटलं. विकायच्यात? नाही. मग वर कशाला नेताय? खाली आणायला. त्याने भाडं पन्नास रुपयांनी वाढवलं, कदाचित आमच्याबद्दलची काळजी म्हणून.

राईड छान झाली. खरंच छान झाली. सागाची पानं रस्त्यावर पडलेली, चाकाखाली पापडासारखी मोडत होती, कुठेतरी ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास, मॅडम सगळ्यात पुढे आणि त्यांनी वळणावर उगाच घंटी वाजवली तेव्हा वरच्या फांदीवरून वानराची अख्खी फॅमिली त्यांच्याकडे बघायला लागली. मेहुणा एकदाही नवी मुंबई म्हणाला नाही. एवढ्या मीटिंगनंतर प्रत्यक्ष उतार किती वेळ चालला म्हणाल तर मिसळीसाठी रांगेत जेवढा उभा राहिलो त्याच्या निम्मासुद्धा नाही.

भानगड संध्याकाळी झाली. आयटीवाल्याने शुक्रवारी हौसेने काकांच्या फोनमध्ये स्ट्राव्हा टाकून दिलं होतं, आणि काकांनी, नंतर विसरायला नको म्हणून, सकाळी टेंपोत सायकली चढवतानाच स्टार्ट दाबून फोन खिशात ठेवला होता. त्यामुळे येऊरच्या चढावर, जिथे आयटीवाल्याचा जीव अडकलेला, सगळ्यात कमी वेळात चढलेल्यांच्या स्ट्राव्हावरच्या त्या यादीत रविवारी संध्याकाळी पहिल्या नंबरवर आमचे सी विंगचे काका होते, वय बहात्तर, सायकल अ‍ॅटलस. त्यांना ठाणे, डोंबिवली, पार विरारहून अनोळखी पोरांचे "रिस्पेक्ट सर" आले. काकांनी सगळ्यांना हात जोडलेले इमोजी पाठवले. मग रात्री कोणीतरी ती राईड खोटी म्हणून रिपोर्ट केली आणि काकांचा नंबर गेला.

आयटीवाला समजावायला त्यांच्या घरी गेला, मीही गेलो. त्याने सगळं नीट सांगितलं, सेगमेंट म्हणजे काय, लोक त्या एका चढासाठी महिनोन्महिने घाम गाळतात, कोणाला तरी वाईट वाटलं असणार वगैरे. काका चहा बशीत ओतून शांतपणे ऐकत होते.

"त्या मुलाला सांग," ते म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस. छोट्या हत्तीत अजून एकाची जागा आहे."